कारखान्याचे गरम पाणी केळी गार करू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा-माढा पट्ट्यात, कंदर-टेंभुर्णीच्या आजूबाजूला, निर्यातीच्या केळीची पॅकहाऊस आणि शीतगृहे गेल्या काही वर्षांत भराभर उभी राहिली. साखर कारखाने तर तिथे आधीपासूनच दाटीवाटीने आहेत. शीतगृहाचा सर्वांत मोठा चालू खर्च विजेचा. आणि तिथून थोड्याच अंतरावरचा कारखाना गळीत हंगामात ९० अंशांच्या वरचे पाणी पंप आणि पंखे चालवून, म्हणजे पुन्हा वीजच खर्चून, गार करत असतो. त्या पाण्यातल्या उष्णतेवर केळीच्या खोल्या थंड करता येतात. तंत्र जुने आहे, यंत्रे आपल्याकडे पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या कित्येक वर्षे बनवतात, तरी शीतगृहाच्या प्रकल्प अहवालात कंप्रेसरखेरीज दुसरा विचार क्वचितच दिसतो. हे बदलावे, आणि बदलताना कुठे पाय घसरतो तेही माहीत असावे, म्हणून हे सविस्तर पत्र.

उष्णता देऊन थंडी करणारे यंत्र फ्रान्सच्या फर्दिनांद कारेने १८५९ मध्ये अमोनिया आणि पाणी वापरून केले. आज वातानुकूलनासाठी वापरली जाणारी बहुतेक यंत्रे पाणी आणि लिथियम ब्रोमाइड या क्षारावर चालतात. धंद्यात त्यांना ‘व्हॅम’ (व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे वाफ शोषणारे यंत्र) म्हणतात. बंद भांड्यातली हवा काढून दाब पाऱ्याच्या ६-७ मिलिमीटरवर आणला की पाणी ४-५ अंशांनाच उकळते. उकळताना लागणारी उष्णता ते नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यातून घेते आणि ते पाणी १२ अंशांवरून ७ अंशांवर येते. पण तयार झालेली वाफ तिथेच साचली तर दाब वाढेल आणि उकळणे थांबेल. ती वाफ शोषण्याचे काम शेजारच्या भांड्यात, म्हणजे शोषकात, लिथियम ब्रोमाइडचे दाट द्रावण करते, पावसाळ्यात उघडे मीठ हवेतली ओल ओढून घेते तसे. वाफ पिऊन द्रावण पातळ झाले की ते वरच्या भांड्यात, म्हणजे जनरेटरमध्ये, पंपाने चढवायचे आणि तिथे तापवून त्यातले पाणी पुन्हा उडवायचे. तापवण्यासाठी लागते ती आपली गरम पाण्यातली उष्णता. कंप्रेसर कुठेच नाही. विजेवर चालतात ते फक्त लहान पंप.

या यंत्राला एक एकक उष्णता दिली की सुमारे ०.७ एकक थंडी मिळते. थंडी मोजतात टीआरमध्ये (टन रेफ्रिजरेशन); एक टीआर म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट थंडी. त्यासाठी पाच किलोवॉट उष्णता लागते, आणि गरम पाणी ९० अंशांनी आत जाऊन ८० अंशांनी बाहेर पडत असेल तर टीआरमागे ताशी सुमारे ४३० लिटर पाणी फिरवावे लागते. हा ४३० चा आकडा शीतगृहवाल्यांनी आणि कारखान्याच्या चीफ इंजिनिअरनी लक्षात ठेवावा; पुढचे सगळे हिशेब त्यावरूनच निघतात.

आता कारखान्यात अशी उष्णता किती आणि कुठे आहे ते पाहू. उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. रोज २५०० टन गाळप म्हणजे ताशी सुमारे १०५ टन ऊस. त्याचा रस इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या भांड्यांत (‘बॉडी’), आटवताना ताशी पाऊणशे टनांच्या आसपास पाणी वाफ होऊन उडते. शेवटच्या बॉडीची वाफ कंडेन्सरकडे जाते, बाकीची पुढच्या बॉडीत किंवा ज्यूस हीटरमध्ये निवून तिचे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, होते. यातले दुसऱ्या आणि तिसऱ्या बॉडीचे कंडेन्सेट ९५ ते १०५ अंशांचे असते. चौथ्या-पाचव्याचे बरेच थंड. बहुतेक ठिकाणी ही सगळी पाणी एकाच टाकीत सोडतात आणि चढे तापमान तिथेच हातचे जाते. व्हॅमसाठी पहिले काम म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीच्या कंडेन्सेटची ओळ वेगळी करणे. असे ताशी ४० टन पाणी मिळाले आणि त्यातले दहा अंश काढून घेतले तर ४६५ किलोवॉट उष्णता होते, म्हणजे सुमारे ९२ टीआर थंडी. व्हॅम पाणी संपवत नाही, त्यातले दहा अंश तेवढे घेते. तेच पाणी नंतर मिलवर इंबिबिशनला, म्हणजे चोथ्यातला उरलेला रस धुऊन काढायला, देता येते. तिथे ते तसेही ७०-७५ अंशांहून गरम नको असते.

पण कारखान्यातली प्रत्येक गरम वस्तू वाया जात असते असे समजू नये. हा गैरसमज प्रकल्पच बुडवतो. टर्बाइनमधून निघालेली एक्झॉस्ट वाफ टाकाऊ नाही, रस आटवण्याचे सारे काम तीच करते. आठ किलो दाबाच्या वाफेवर चालणारी डबल इफेक्ट (तीच उष्णता दोन टप्प्यांत वापरणारी) व्हॅम दिसायला फार काटकसरी, टीआरला ताशी साडेचार किलोच्या आसपास वाफ घेते. मात्र तीच वाफ सहवीजनिर्मितीच्या कंडेन्सिंग टर्बाइनमधून पुढे नेली तर टनाला साधारण १३०-१४० युनिट वीज देते. साडेचार किलोची झाली ०.६ युनिट, चांगल्या वॉटर-कूल्ड विजेच्या चिलरला एका टीआरला लागते तीही जवळपास तेवढीच. वीज विकणाऱ्या कारखान्याने ताजी वाफ देऊन थंडी करण्यात काहीच कमावले नाही, उलट एक महागडे यंत्र सांभाळायला घेतले. म्हणून आमचा आग्रह फक्त गरम पाण्याचा आहे, ज्यातून टर्बाइन फिरत नाही.

या पाण्यालाही आतूनच गिऱ्हाईक असू शकते. ज्या कारखान्यांनी कंडेन्सेट फ्लॅश करून, म्हणजे दाब उतरवून त्यातले थोडे पाणी उडवून, त्याची वाफ पुढच्या बॉडीत घेतली आहे आणि उरलेल्या पाण्यावर कच्चा रस तापवायला प्लेट हीटर लावले आहेत, त्यांच्याकडचे पाणी बाहेर पडताना साठीच्या घरात असते. तिथे व्हॅमचा नाद सोडावा. जिथे अजून हे केलेले नाही, तिथे कच्चा रस ४०-४५ अंशांपर्यंत न्यायला शेवटच्या बॉडीची ५५-६० अंशांची वाफ वापरावी. ती वाफ थंडीसाठी निरुपयोगी आहे आणि एरवी कंडेन्सरमध्ये जाऊन स्प्रे पॉन्ड (कंडेन्सरचे पाणी फवारून गार करायचे तळे) तापवते. कमी तापमानाच्या उष्णतेला रस द्यावा, ९० अंशांच्या पाण्याला थंडी. हा क्रम चुकला की दोन्हीकडे तोटा.

केळीच का, हा प्रश्न साहजिक आहे. पंढरपूरकडे द्राक्षे आहेत, सांगोल्याला डाळिंब आहे. पण द्राक्षाला साठवणीत शून्याच्या आसपासचे तापमान लागते आणि डाळिंबाला ५ ते ७ अंश. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात पाणी हेच शीतक असल्यामुळे ते शून्याखाली जाऊच शकत नाही. व्यवहारात ६-७ अंशांचे पाणी हा त्याचा तळ. शून्याखाली जायचे तर अमोनिया-पाण्याचे यंत्र हवे. त्यात वाफेबरोबर आलेले पाणी वेगळे करायला रेक्टिफायर लागतो, दाब १३-१५ बार, तांबे-पितळ चालत नाही, सगळे पोलादी, आणि ९० अंशांच्या पाण्यावर ते नीट ओढत नाही. केळीचे गणित मात्र सरळ जुळते. जी-९ (ग्रँड नैन) जातीची केळी १३ अंशांच्या खाली गेली की सालीखालच्या शिरा तपकिरी होतात आणि पिकल्यावर रंग राखाडी, मळकट येतो. म्हणजे खोली हवी १३ ते १४ अंशांची. ८-९ अंशांचे पाणी कॉइलमधून, म्हणजे खोलीतल्या नळ्यांच्या वेटोळ्यातून, फिरवून ती आरामात मिळते.

एका वीस टनांच्या खोलीचा, म्हणजे साधारण एका चाळीस फुटी रीफर कंटेनरच्या मालाचा, हिशेब असा. केळी ३२ अंशांची आली आणि दहा तासांत १४ अंशांवर न्यायची आहे. किलोला अंशामागे ३.४ किलोज्यूल धरले तर काढायची उष्णता १२ लाख किलोज्यूलच्या वर, दहा तासांवर वाटली तर ३४ किलोवॉट, म्हणजे जवळपास १० टीआर. त्यात पंख्यांची उष्णता, फळाचा श्वसनभार, भिंती, दारे आणि खोकी मिळवली की १४-१५. मात्र सुरुवातीच्या दोन-तीन तासांत माल सर्वांत गरम असतो आणि भार सरासरीच्या दीडपट तरी जातो. म्हणून खोलीमागे २० टीआर धरावेत. ९२ टीआरमध्ये एकाच वेळी चार खोल्या नीट चालतात. सगळ्या खोल्या एकदम भरण्याऐवजी दोन-दोन तासांच्या अंतराने भरल्या तर पाचवीही बसते.

इथे थंड पाण्याच्या कॉइलचा एक फायदा शीतगृहवाल्यांनी पुरता ओळखलेला नाही. कंप्रेसरच्या यंत्रातल्या फ्रीऑन वायूच्या कॉइलचा पृष्ठभाग फार थंड ठेवला की हवेतली ओल त्यावर बसते, खोली कोरडी पडते आणि केळीचे वजन घटते. आठ अंशांच्या पाण्याच्या कॉइलवर बर्फ धरत नाही, डीफ्रॉस्ट लागत नाही आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखणे सोपे जाते. अट एकच: कॉइल मोठी हवी. कॉइलमध्ये शिरणारी आणि निघणारी हवा यांत ३ ते ४ अंशांपेक्षा जास्त फरक पडू नये अशी निवडावी आणि खोलीनिहाय मॉड्युलेटिंग (प्रवाह हवा तेवढा कमी-जास्त करणारा) व्हॉल्व्ह लावावा. फळाचे तापमान १५ च्या खाली आले की हवेचे तापमान १३ वर धरणे हे त्या व्हॉल्व्हचे काम. उघड-बंद होणारा साधा सोलेनॉइड लावून पैसे वाचवले तर कडेच्या खोक्यांतली केळी काळवंडते, आणि दोष यंत्राच्या माथी जातो. खोक्यांची भोके एकासमोर एक येतील अशीच थप्पी लावावी आणि वरून ताडपत्री ओढून हवा खोक्यांतून ओढली जाईल असे करावे. नाहीतर हवा थप्पीच्या बाहेरून फिरते आणि दहा तासांचे काम वीस तासांवर जाते.

आता बिघाडांविषयी, कारण व्हॅम बदनाम झाली ती बहुतेक ठिकाणी यामुळेच.

पहिली गोष्ट, कंडेन्सेट थेट यंत्रात सोडू नये. रस आटताना त्यातले नायट्रोजनयुक्त पदार्थ फुटून अमोनिया सुटतो आणि वाफेबरोबर कंडेन्सेटमध्ये येतो. गरम पाण्याच्या व्हॅममध्ये जनरेटरच्या नळ्या बहुधा तांब्याच्या किंवा तांबे-निकेलच्या असतात. अमोनिया आणि थोडा प्राणवायू मिळाला की तांबे खाल्ले जाते, नळी चिरते आणि निर्वातात पाणी शिरते. एवढ्याने यंत्र बाद होऊ शकते. म्हणून मध्ये ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा प्लेट हीट एक्सचेंजर हवाच. त्याच्या एका बाजूला कंडेन्सेट, दुसऱ्या बाजूला मऊ केलेल्या पाण्याचा बंद फेरा. यात तीन अंश जातात, म्हणून यंत्राला ९० हवे असतील तर कंडेन्सेट ९३ चे मिळायला हवे. इव्हॅपोरेटरमधून रसाचे थेंब उडून आले तर साखर प्लेटांवर करपते. कारखान्याची प्रयोगशाळा बॉयलरसाठी पाण्यातली साखर ओळखणारी अल्फा नॅफ्थॉलची चाचणी करतेच, त्याच नमुन्याचा निकाल या ओळीलाही लागू करावा आणि साखर दिसली की पाणी आपोआप बाजूला वळेल असा व्हॉल्व्ह ठेवावा.

गरम पाणी थंडावले तर काय होते? ९० साठी घेतलेले यंत्र ८० अंशांवर चालवले तर क्षमता साधारण एक-तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त घसरते, आणि ७० च्या आसपास हाती फारसे काही उरत नाही. कागदावर ‘९० अंश’ लिहून प्रत्यक्षात ८२ चे पाणी देणारा प्रकल्प पहिल्याच आठवड्यात अपुरा पडतो.

सर्वांत धास्तीची गोष्ट म्हणजे द्रावण गोठणे, ज्याला सगळे ‘क्रिस्टलायझेशन’ म्हणतात. लिथियम ब्रोमाइडचे ६० टक्क्यांचे द्रावण खोलीच्या तापमानाला द्रव राहते, पण ६५ टक्क्यांचे ४५-५० अंशांखाली आले की स्फटिक धरू लागते. यंत्रात सर्वांत दाट आणि त्याच वेळी निवत जाणारे द्रावण असते, दाट द्रावणाची उष्णता पातळ द्रावणाला देणाऱ्या आतल्या हीट एक्सचेंजरच्या शेवटच्या टोकाला. गाठ तिथेच बसते. कारणे ठरलेली आहेत: कूलिंग टॉवरचे पाणी अचानक फार थंड होणे, गरम पाण्याचे तापमान किंवा प्रवाह मर्यादेबाहेर जाणे, यंत्रात हवा शिरल्याने वाफ शोषली न जाणे, आणि वीज जाणे. वीज गेल्यावर पंप थांबतात, पण जनरेटरमधले दाट द्रावण जिथल्या तिथे निवत राहते. नियमाने यंत्र बंद करताना आधी उष्णता तोडून पंप पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवतात, म्हणजे दाट आणि पातळ द्रावण मिसळून जाते. वीज अचानक गेली की ही संधीच मिळत नाही. यावर उपाय स्वस्त आहे. द्रावणाचा आणि शीतक पाण्याचा असे दोन पंप आणि कंट्रोल पॅनेल मिळून काही किलोवॉटच लागतात. एवढ्यापुरता स्वतंत्र इन्व्हर्टर किंवा दहा सेकंदांत उचलणारा विजेचा लहान जनरेटर, आणि गरम पाण्याच्या ओळीवर वीज जाताच स्प्रिंगने बंद होणारा व्हॉल्व्ह. कारखान्याचा टर्बाइन ट्रिप झाला की सगळा परिसर एकदम अंधारात जातो, त्यामुळे ‘कारखान्याची स्वतःची वीज आहे, आपल्याला काय धोका’ हे म्हणणे चुकीचे आहे.

गोठल्याची खूण ओळखता आली पाहिजे. जनरेटरमधली पातळी चढते आणि दाट द्रावण नेहमीची वाट सोडून ओव्हरफ्लोच्या नळीने शोषकाकडे जाऊ लागते. एरवी कोमट असणारी ती नळी हाताला चटका देते. अशा वेळी हीट एक्सचेंजरला बाहेरून गरम पाण्याने किंवा वाफेने हळूहळू शेकायचे, कूलिंग वॉटर थांबवायचे आणि शीतक पाणी द्रावणात सोडून ते पातळ करायचे. काही तासांत वाट मोकळी होते. हातोडा मारणे किंवा गॅसची ज्योत लावणे म्हणजे वेल्डिंगचे जोड फोडून निर्वात कायमचा घालवणे.

निर्वात हा या यंत्राचा प्राण आहे. बाहेर पाऱ्याचे ७६० मिलिमीटर आणि आत सहा, त्यामुळे गळती नेहमी आतल्या बाजूला होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आत आलेल्या प्राणवायूने द्रावण पोलाद खाते, त्यातून हायड्रोजन तयार होतो, तोही वाफेच्या वाटेत अडतो आणि थंडी कमी पडते. आत शिरलेली हवा काढणारा पर्ज पंप किती वेळा आणि किती मिनिटे चालवावा लागला याची नोंदवही ठेवावी. आकडा वाढू लागला की गळती आहेच. पर्ज जास्त वेळ चालवून दिवस ढकलू नयेत, कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधावी. वर्षातून एकदा द्रावणाचा नमुना तपासून त्याची क्षारता, गंजरोधक लिथियम मॉलिब्डेट आणि विरघळलेले तांबे व लोखंड पाहावे. तांब्याचा आकडा वाढत असेल तर नळ्या आतून झिजत आहेत. उष्णता आणि वाफ लवकर शोषली जावी म्हणून द्रावणात थोडे ऑक्टाइल अल्कोहोल घालतात. ते पर्जबरोबर उडत राहते, त्याची मात्रा राखली नाही तर यंत्रात दुसरे काही बिघडलेले नसतानाही क्षमता उतरते.

कूलिंग टॉवरकडे दुर्लक्ष नको. विजेच्या चिलरच्या मानाने व्हॅमला जवळपास दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागते, कारण थंडीबरोबर जनरेटरला दिलेली उष्णताही त्याच पाण्यात येते: टीआरला साडेआठ किलोवॉट. त्यासाठी टीआरला ताशी सुमारे १२-१३ लिटर पाणी उडते. ९२ टीआरला ब्लोडाऊनसह (क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचे पाणी) ताशी दीड घनमीटर, वीस तासांत ३० घनमीटर. दुष्काळी तालुक्यात हा आकडा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे आहे. सुदैवाने कारखान्याकडे जास्तीचे कंडेन्सेट असते आणि ते शुद्ध करणारे पॉलिशिंग युनिट बहुतेक ठिकाणी बसलेले आहे. उष्णता काढून झाल्यावर त्याच पाण्याचा काही भाग शुद्ध करून टॉवरला द्यावा. न शुद्ध केलेले देऊ नये, अमोनियाचा तोच त्रास कंडेन्सरच्या नळ्यांना होतो. स्प्रे पॉन्डचे पाणी तर मुळीच जोडू नये. त्यात साखरेचा अंश असतो, शेवाळ आणि बुळबुळीत थर नळ्यांत बसतो आणि महिन्याभरात क्षमता गळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोलापूरकडे टॉवरचे पाणी २० अंशांच्या खाली सहज जाते. थंड पाणी म्हणजे चांगले, असे व्हॅमच्या बाबतीत नाही, गोठण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. पंख्याला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारे उपकरण) आणि टॉवरला बायपास व्हॉल्व्ह लावून यंत्रात जाणारे पाणी कंपनीने दिलेल्या खालच्या मर्यादेच्या वर धरावे.

कारखाना अखंड चालत नाही. ‘नो केन’, म्हणजे ऊस न येणे, असते, मिल अडते, दर काही आठवड्यांनी इव्हॅपोरेटर साफ करायला गाळप थांबते. तास-दीड तासाच्या खोळंब्यासाठी ५० घनमीटरची थंड पाण्याची टाकी पुरते. ७ अंशांचे पाणी १३ पर्यंत वापरले तर त्यात सुमारे १०० टीआर-तास साठतात. त्याहून मोठ्या खोळंब्यासाठी आणि हंगाम संपल्यानंतरच्या महिन्यांसाठी विजेवरची यंत्रणा लागतेच. केळी उन्हाळ्यातही येते आणि तेव्हा कारखान्याची धुराडी थंड असतात. म्हणून व्हॅम ही विजेच्या यंत्रणेच्या जोडीला घ्यायची गोष्ट आहे, तिच्या जागी नव्हे.

पैशाचा हिशेबही त्यामुळे तासांवर ठरतो. शीतगृहातली छोटी एअर-कूल्ड यंत्रे टीआरला साधारण १.२ किलोवॉट घेतात, म्हणजे ९२ टीआरला ११०. व्हॅमचे सगळे पंप आणि टॉवरचा पंखा मिळून २५ ते ३० किलोवॉट लागतात. तासाला ८० युनिट वाचतात. पूर्ण भाराचे ३००० तास मिळाले तर २ लाख ४० हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर साडेएकवीस लाखांच्या घरात. हंगाम शंभर दिवसांवर आला तर २००० तास गाठणेही कठीण आणि बचत चौदा-पंधरा लाखांवर येते. कारखान्याला जोडून डिस्टिलरी असेल तर चित्र सुधारते. ती हंगामाबाहेरही चालते, तिच्याकडे गरम प्रवाह असतात, आणि उन्हाळ्यात फर्मेंटर (मळी आंबवायच्या टाक्या) ३२-३३ अंशांवर राखायला तिला स्वतःलाच थंड पाणी हवे असते. आमच्या मते पहिले प्रयोग अशाच ठिकाणी व्हावेत.

जागेबद्दल एकच सांगतो. उष्णता लांब नेऊ नये, केळी आणावी. ताशी ४० घनमीटर पाणी १०० मिलिमीटरच्या पाइपमधून नेले तर शंभर मीटरला सुमारे दोन मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जाते. अर्धा किलोमीटर जाऊन-येऊन २० मीटर. तेवढे परवडते. पाच किलोमीटर परवडत नाही. पॅकहाऊस कारखान्याच्या कुंपणाला लागूनच हवे.

हंगाम संपल्यावर कारखान्यात सगळी यंत्रे उघडून दुरुस्ती करण्याची रीत आहे. व्हॅमला ती लावू नये. तिला उघडणे म्हणजे आत हवा घेणे. बंद करण्यापूर्वी द्रावण पातळ करावे, कूलिंग वॉटरच्या नळ्या ब्रशने साफ करून कोरड्या ठेवाव्यात, आतली बाजू निर्वातात किंवा थोड्या जास्त दाबाच्या कोरड्या नायट्रोजनखाली राखावी आणि महिन्यातून एकदा दाब तपासावा.

शासनाकडे आणि राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाकडे आमची मागणी अशी की, साखर कारखान्याजवळ शीतगृहाला अर्थसाहाय्य मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात उष्णतेच्या मोजणीचा अहवाल सक्तीचा करावा, आणि मोजणी व जोडणीचा खर्च अनुदानास पात्र धरावा. पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने कारखान्यांच्या ऊर्जा तपासणीत कंडेन्सेटचे बॉडीनिहाय तापमान आणि त्यातला खरोखर ओसंडून जाणारा भाग वेगळा नोंदवावा. आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या अभ्यासक्रमात निर्वात धरणे, पर्ज आणि लिथियम ब्रोमाइडची हाताळणी यांना प्रात्यक्षिकाचे तास द्यावेत; फ्रीऑन भरायला शिकलेला मुलगा या यंत्रापुढे उभा राहिला की पहिल्यांदा चुकीचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

कारखान्यांना यंत्र घेण्याआधी करता येण्याजोगे काम येत्या हंगामात सुरू करता येईल. गरम पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीच्या ओळींवर थर्मामीटर आणि पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर बसवावा, गाळप सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत दर तासाला दोन्ही आकडे लिहावेत, गाळप थांबलेले तास वेगळे लिहावेत, आठवड्याला एक नमुना साखर, पीएच आणि अमोनियासाठी तपासावा. हंगामाच्या शेवटी ९३ अंशांच्या वरचे पाणी किती तास आणि किती टन मिळाले, हे एका पानावर येईल. ते पान शेजारच्या केळी निर्यातदारांना द्यावे, म्हणजे त्यांना यंत्राचा आकार त्यावरून मागता येईल.

आपले,
शीतकरण आणि साखर उद्योगातील ऊर्जा बचतीचे काम करणारे काही अभियंते,
सोलापूर जिल्हा